म्हातारीला बोलू द्या

पेन्याओंदा,
२ ऑक्टोबर १९९८

ज्याच्या शब्दाने डोंगर आपापल्या जागी उभे राहिले आणि ज्याच्या मौनात ते आजवर तसेच उभे आहेत, त्या दयाघन पित्याची कृपा तुझ्यावर असो. माझ्यावरही असो, कारण ती असल्यावाचून हे पत्र मला लिहिता येणार नाही आणि तुला वाचता येणार नाही.

प्रिय भगिनी ओरोसिया,

आई गेली तेव्हा तू बार्सेलोनाहून पाठवलेले काळ्या कडेचे कार्ड अजून माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. त्यावर खाली तुझे नाव आहे. वर माझे नाही. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही, आणि आज मी तक्रार करण्यासाठी लिहीत नाही. मला एका कामात तुझी मदत हवी आहे.

तेरुएलहून वर येणाऱ्या रस्त्याचा सरकार आता 'पाषाणमार्ग' करत आहे. मोटारींनी हिंडणाऱ्या लोकांनी जागोजागी उतरावे, दगड पाहावे, पाटी वाचावी आणि पुढे जावे, अशी योजना आहे. एकंदर सात थांबे. एल्विरा नावाची एक भूशास्त्राची पंडिता त्यासाठी नेमली आहे. तिशीची, धिप्पाड, डोंगर चढताना शीळ घालणारी. पाट्यांवरचा मजकूर लिहिण्याची विनंती तिने मला केली. "मोसेन, मी लिहिलं की अहवाल होतो. तुम्ही लिहा, लोक निदान वाचतील तरी," असे ती म्हणाली. (इथे धर्मगुरूला अजून 'मोसेन' म्हणतात. तुला हे सांगायला नको होते. पण तू गेल्याला इतकी वर्षे झाली की काय सांगावे आणि काय नको, हे मला उमगत नाही.)

सहा पाट्या लिहून झाल्या. पाइनच्या रानातून उतरणारी दगडांची नदी, जिच्यात पाणी नाही आणि तरी पावसानंतर आतून खळखळ ऐकू येते, ती तुला आठवत असेल. वरच्या शेतात नांगराला समुद्राचे शिंपले लागत, तो तिसरा थांबा आहे. तिथे मी लिहिले की जिथे तुम्ही उभे आहात तिथे एके काळी लाट फुटत होती. स्वतःचा दगड स्वतःच घडवत खाली येणारा धबधबा आहे. तांबड्या वालुकाश्माचे ते बुटके, डोके जड झालेले खांबही आहेत. ब्लासा ते ऐकून म्हणाली, "दगडांवर लिहिताय तर आधी मला विचारायचं. तुम्ही जन्मभर पुस्तकात डोकं खुपसून बसलात, मी त्या दगडांवर बसून शेंगा सोलल्यात." ब्लासा म्हणजे घंटेवाल्या एमेतेरियोची मुलगी, तुझी मैत्रीण. ती आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिची जीभ अठराची आहे.

सातवा थांबा तोर्का आहे.

त्या पाटीचा कागद मी रोज पुढे ओढतो आणि टाकात शाई वाळून जाते. जमीन एका वर्तुळात खचून झालेले ते खोल विवर, शंभर मीटर तोंड, तळ न दिसणारा. आणि त्याच्या पलीकडे सरळ उभा कडा, ज्याला आपण 'म्हातारी' म्हणत आलो. हे सगळे लिहिता येते. पण पुढचे वाक्य येत नाही. आई तोर्काविषयी काय सांगत असे, ते तुला आठवते का? तेवढे कळवलेस तरी पुरे.

आणखी दोन बातम्या आहेत. आपल्या मनोऱ्यातली घंटा उन्हाळ्यात तडकली. ती ओतकाराकडे दुरुस्तीला गेली आहे आणि मनोरा रिकामा आहे. दुसरे, वसंतात माणसे दोर लावून तोर्कात उतरणार आहेत. प्रवाशांसाठी सज्जा बांधण्याआधी तळाशी काय आहे ते त्यांना पाहायचे आहे. काय असणार? मेंढ्यांची हाडे.

रात्री जपमाळ म्हणताना मी घाईघाईने पुढे जात असे, आणि आई म्हणे, "सेलेदोनियो, मातेला नमस्कार करतोयस की तिच्यामागे कुत्रा सोडलायस?" तू हसत असस. आता मी सावकाश म्हणतो. निदान तसे मला वाटते.

तुझा बंधू,
सेलेदोनियो


पेन्याओंदा,
२१ ऑक्टोबर १९९८

प्रिय ओरोसिया,

तुझे उत्तर नाही. ते येईल असे मी धरून चाललो नव्हतो. तरी टपालाची गाडी आली की खिडकीशी जातो.

परवा, सोमवारी, या वर्षीचे पहिले धुके आले. मी एल्विराबरोबर तांबड्या खांबांपाशी पाटीची जागा मोजत होतो. दुपारचे दोन वाजले असतील. आपल्याकडचे धुके आकाशातून उतरत नाही, हे मी तिला सांगतच होतो. ते तोर्काच्या तोंडातून वर येते, कढईतल्या दुधासारखे काठाला येऊन थबकते आणि मग एकाएकी सगळीकडे पसरते. दोन मिनिटांत तिच्या हातातली फीत मला दिसेनाशी झाली. आम्ही शहाण्या माणसांसारखे जिथे होतो तिथेच खाली बसलो.

मग घंटा वाजू लागली.

पहिल्यांदा मनात काहीच आले नाही. धुके पडले की घंटा वाजते, हे आपल्या कानांना जन्मापासून ठाऊक आहे. थोड्या वेळाने मला आठवले की घंटा इथे नाही. दुसऱ्या कुठल्या गावची म्हणावी, तर सर्वांत जवळची घंटा दोन दऱ्या सोडून आहे, आणि तिचा आवाज कोरडा आहे, फुटक्या मडक्यासारखा. हा आवाज आपल्या घंटेचा होता. आणि तो गावाच्या दिशेकडून येत नव्हता. म्हातारीकडून येत होता.

एल्विरानेही ऐकले. तिने शास्त्र सांगितले: आत पोकळ्या असतात, हवेचा दाब बदलतो, विवराच्या तोंडावरून वारा गेला की बाटलीत फुंकल्यासारखे होते. मी मान डोलावत होतो. तिचे सांगणे मला खरोखर पटावे अशी माझी फार इच्छा होती.

"तुला कसा वाटतो आवाज?" मी विचारले. "तीन ठोके आणि मध्ये थांबा, असा?"

"छे. थांबतोय कुठे? सलग चाललाय. कुणीतरी जीव खाऊन ओढतंय असं वाटतं." मग ती हातातली फीत गुंडाळू लागली. "म्हणजे, वारा हो. वाराच."

तिला आपली रीत ठाऊक नाही. तिने जे ऐकले तेच सांगितले.

धुके विरल्यावर मी गावात आलो. ब्लासा दारात उभी होती. "ऐकलंत?" तिने विचारले. मी म्हटले, "काय?" तिने माझ्याकडे नीट पाहिले, "बरं. नसेल ऐकलं," एवढे म्हणाली आणि दार लावून घेतले.

मी मनोऱ्यात चढून गेलो. घंटेच्या जागी आभाळाचा चौकोन आहे. दोर खुंटीवर गुंडाळून ठेवलेला होता, मी ठेवला तसाच. मी त्याला हात लावला नाही.

एलीया संदेष्टा गुहेच्या तोंडाशी उभा होता, तो भाग मी सेमिनरीत असताना पाठ केला होता. वारा आला, भूकंप आला, अग्नी आला; देव त्यांत नव्हता. नंतर जी बारीक शांतता आली, तिच्यात तो होता. त्या परीक्षेत मला सर्वोच्च गुण मिळाले होते. परवापासून मला हे सारखे आठवते आहे, आणि त्याने मला समाधान मिळत नाही.

सेलेदोनियो


पेन्याओंदा,
२ नोव्हेंबर १९९८, सर्व मृतांचा दिवस

ओरोसिया,

आज स्मशानात दिवे लावून आलो. आईबाबांच्या थडग्यापाशी शेवंती ठेवली. तुझ्या नवऱ्याच्या नावाचे थडगे आपल्याकडे नाही, आणि आज पहिल्यांदाच हे उघडपणे लिहितो आहे: फ्रोइलानच्या नावाने मी चाळीस वर्षे दर मृतदिनी मनातल्या मनात मृतांसाठीची मिस्सा, ती उपासना, अर्पण करतो. जिवंत माणसासाठी ती कोणी करत नाही. तो जिवंत नाही हे मला ठाऊक होते, एवढे यावरून तू समजशीलच.

दुपारी ब्लासा आली. लसणात परतलेला पावाचा चुरा भांड्यात घालून तिने आणला होता. तिने भांडे ठेवले आणि ती बसली. मी बस म्हटले नव्हते.

"खा," ती म्हणाली. "पोटात काही असलं की बोलायला जोर येतो."

"कशाविषयी बोलायचे आहे?"

"मोसेन, मी तुमच्याकडे पापकबुलीला येते तेव्हा तुम्ही असं कधी विचारता का, की कशाविषयी? तुम्ही गप्प बसता. आज मी गप्प बसते. उलट करून बघू."

आणि ती खरोखर गप्प बसली. ब्लासा गप्प बसते ते मी आयुष्यात आज पाहिले. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला तेव्हा तीच म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी मला तुमच्याकडे पाठवलं होतं. काय सांगायला, ते मी विसरलेय असं वाटतं तुम्हाला?"

त्या दिवशी तू तापाने आईकडे अंथरुणावर होतीस, म्हणून तुला जे कधीच कळले नाही ते आता लिहितो. १९५८, सेंट मार्टिनचा दिवस, अकरा नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी पहाटे धनगर कळप घेऊन दक्षिणेला, हाएनकडे, निघणार होते, आणि फ्रोइलान त्यांच्यात होता. एक लंगडी मेंढी वर राहिली म्हणून तो दुपारी एकटा कुरणावर गेला. मागून धुके आले.

एमेतेरियो फुप्फुसाच्या दाहाने अंथरुणाला खिळला होता. म्हणून हरवलेल्यांची घंटा वाजवायला मी स्वतः मनोऱ्यात चढलो. ती कशी वाजवायची हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते: तीन ठोके, मग एक 'नमो मारिया' सावकाश म्हणून होईपर्यंत थांबायचे, पुन्हा तीन. धुक्यातला माणूस पहिला आवाज ऐकतो, मग थांब्यात म्हातारीकडून आलेला दुसरा ऐकतो. पहिला गावाचा, दुसरा दगडाचा. दगडाकडे पाठ करून तो चालू लागतो आणि घरी येतो.

ब्लासा धापा टाकत जिन्याच्या तळाशी आली. "मोसेन! बाबा म्हणतात, तीन वाजवा नि थांबा. म्हातारीला बोलू द्या!"

मी चौतीस वर्षांचा होतो. रोमहून ग्रंथ मागवत होतो. आदल्याच रविवारी मी प्रवचनात सांगितले होते की शिळेला वाणी आहे असे मानणे ही मूर्तिपूजा होय. या लोकांच्या तोंडून 'म्हातारी बोलली', 'म्हातारी रुसली' हे ऐकून मला चीड येई. थांबा म्हणजे त्या कड्याला दिलेला मान आहे, जुन्या देवाचा उरलेला नैवेद्य आहे, असे मी ठरवून बसलो होतो. त्या थांब्याचा उपयोग काय, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते.

मी वरून ओरडलो, "तुझ्या बापाला सांग, ही प्रभूची घंटा आहे. दगडाची पाळी इथे लागणार नाही!"

आणि मी वाजवत राहिलो. दोन तास, न थांबता. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. कुरणाच्या बाजूने म्हातारी जवळ पडते. तिचा आवाज मोठा असणार. तो आवाजाकडे चालत आला, ओरोसिया. कान देऊन, नेमका, न चुकता चालत आला. तो आणि म्हातारी यांच्यामध्ये तोर्का होता.

तो तुला सोडून गेला नाही. हाएनला कुणा बाईबरोबर दिसला, असे धनगर वसंतात परत येऊन सांगत होते. त्यांनी कुणाला पाहिले ते देव जाणे. लोकांनी ते धरून ठेवले. तू माझ्याकडे आलीस, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि विचारलेस, "दादा, तुला काही माहीत आहे का?" मी म्हटले, नाही.

हे लिहिताना ब्लासा समोर बसली आहे. "लिहिलंत?" तिने विचारले. मी हो म्हटले. "सगळं?" मी टाक शाईत बुडवला. ती म्हणाली, "गावानं तेव्हा तोंड उघडलं नाही, मीसुद्धा नाही. मोसेनविरुद्ध कोण बोलणार? आणि तो पळून गेला म्हटलं की सगळ्यांनाच झोप लागत होती. वाटलं, तुम्ही बोलाल. आज बोलाल, उद्या बोलाल. बाबा मेले, माझा नवरा मेला. मी म्हटलं, आता हा म्हातारा मला फसवून आधी मरणार."

मग तिने भांडे उचलले. चुरा गार झाला होता. मी एक घासही खाल्ला नव्हता.

सेलेदोनियो


पेन्याओंदा,
५ नोव्हेंबर १९९८

ओरोसिया,

तुझे कार्ड आज मिळाले. त्यावर तीनच शब्द आहेत.

'काठी कुठे आहे?'

मी हे कार्ड खिडकीशी उभ्याने वाचले. तू विचारणार हे मला कळायला हवे होते. कुत्रा त्या संध्याकाळी एकटा परत येऊन मनोऱ्याखाली बसला होता, आणि ताप उतरल्यावर तू त्याच्यामागून गावभर काठी शोधत फिरलीस. फ्रोइलान काठीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नसे. तीच काठी, जिच्या वळणावर त्याने तुझ्या नावाचे पहिले अक्षर कोरले होते.

मागच्या पत्रात मी खरे लिहिले, पण सगळे लिहिले नाही. ब्लासाने बरोबर विचारले होते.

त्या दिवशी दुसऱ्या तासाला माझ्या हातातून दोर निसटला. हात सुजले होते. तो पुन्हा पकडेपर्यंत जो वेळ गेला, तो थांबाच होता. मी न मागितलेला. त्यात मी म्हातारीकडून घंटा ऐकली, आणि त्याच बाजूने एक माणूस ओरडला, "आलो! आलो!" स्वर आनंदाचा होता. दमलेल्या माणसाला दिवा दिसावा तसा. मी फ्रोइलानचा आवाज ओळखला. आवाज कुठून येतो आहे हेही मला कळले. आणि मी दोर पकडून जास्त जोराने ओढू लागलो. जोराने वाजवले की तो लवकर पोहोचेल, असे मला वाटले, असे मी चाळीस वर्षे स्वतःला सांगत आलो. कदाचित ते खरेही असेल. पण तेव्हा थांबलो असतो, तर चुकलो हे कबूल केल्यासारखे झाले असते. आणि ब्लासा खाली जिन्यात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडले. धनगर निघाले होते, आणि फ्रोइलान वाटेत त्यांना जाऊन मिळाला असेल असे गावाने धरले होते. मी एकटा वर गेलो. तोर्काच्या काठावर गवत एका जागी उपटलेले होते, आणि तिथे काठी पडली होती. आडवी, जणू कुणी विसावायला ठेवली असावी.

ती मी उचलून तुझ्याकडे आणायला हवी होती. तू विधवा झाली असतीस. काळी वस्त्रे घालून मान वर करून या गावात राहिली असतीस. मी ती बुटाच्या टोकाने आत ढकलली. तिचा पडल्याचा आवाज मी ऐकत उभा राहिलो. तो फार वेळ येत राहिला.

वसंतात दोर लावून उतरणाऱ्यांना ती सापडेल. पण ती काठावर होती आणि कुणी ढकलली, हे त्यांना कळणार नाही. म्हणून तुला माझ्याकडून कळायला हवे.

काइनाला देवाने विचारले होते, 'तुझा भाऊ कुठे आहे?', आणि 'मी त्याचा राखणदार आहे काय?' असे त्याने प्रश्नानेच उत्तर दिले होते. मी आयुष्यभर त्यावर प्रवचने दिली. मी क्षमा मागत नाही. मागणाऱ्याला ती हवी असते, आणि तुला तुझी चाळीस वर्षे हवी आहेत. एवढेच मागतो की ये. उतरणारे लोक वर काय आणतील ते परक्यांच्या हातून, फोनवर ऐकू नकोस. त्याआधी ये आणि काठावर उभी राहा. माझ्याशी बोलू नकोस हवे तर.

मंगळवारी घंटा परत बसवणार आहेत. काल पुन्हा धुके होते. म्हातारी वाजत होती, सलग.

से.


पेन्याओंदा,
१३ नोव्हेंबर १९९८

ओरोसिया,

हे पत्र टपालात घालायचे नाही. चौक ओलांडून ब्लासाच्या घरी पोहोचवायचे आहे, जिथे तू परवापासून आहेस. तू माझ्याशी बोलत नाहीस. म्हणून जे घडले ते माझ्या बाजूने लिहितो, म्हणजे दोन्ही बाजू तुझ्यापाशी राहतील.

तू येणार हे तू ब्लासाला फोनवर सांगितलेस, मला नाही. योग्यच केलेस. बुधवारी, सेंट मार्टिनच्या दिवशी, मी दुपारचे जेवण आटोपून सातव्या पाटीचा कागद पुढे घेऊन बसलो होतो. खिडकी पांढरी झाली. तेवढ्यात ब्लासा दार न वाजवता आत आली.

"उठा! ओरोसिया वर आहे!"

"कुठे वर?"

"बसमधून फाट्यावर उतरली. एल्विरानं गाडीतून आणते म्हटलं, तर म्हणाली, नको, मी जुन्या वाटेनं चालत येते, मला तोर्का बघायचाय. तेव्हा ऊन होतं हो! आता बघा बाहेर. उठा ना, बघताय काय माझ्याकडे!"

मनोऱ्याला अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. माझे गुडघे रविवारी वेदीच्या तीन पायऱ्या चढताना रडतात. त्या दिवशी ते रडले की नाही, मला आठवत नाही. ब्लासा मागून ढकलत होती. "चला, चला, पोप झाल्यावर विश्रांती घ्या." वर पोहोचलो तेव्हा दुरुस्त होऊन आलेली घंटा धुक्यात काळी दिसत होती. मी दोर हातात घेतला. चाळीस वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच दुपारी.

तीन ठोके दिले आणि थांबलो.

'नमो मारिया' सुरू केली. म्हातारीकडून तीन ठोके परत आले, स्पष्ट, जणू कुणी मोजून दिले. आणि त्यांच्या मागे, त्याच कड्यातून, दुसरी घंटा ऐकू आली. मी न वाजवलेली. सलग. त्या दिवसाची. मी माझे स्वतःचे वाजवणे ओळखले, ओरोसिया. तरुण हातांचा तो उर्मट ताल मी कुठेही ओळखीन. आणि तिच्यात, तोर्काच्या बाजूने:

"आलो! आलो!"

ब्लासाने माझा कोपर पकडला होता. तिने ऐकले की नाही, मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. पण तिची नखे माझ्या बाहीतून आत रुतली.

दोर माझ्या हातात होता. एक ओढ दिली असती तर तो आवाज बुडाला असता. तेव्हा मला कळले की त्या दिवशी दोर निसटल्यावर मी इतक्या जोराने का ओढले. तो लवकर यावा म्हणून नाही. तो ऐकू येऊ नये म्हणून.

मी प्रार्थना पुरी केली. तीन ठोके. थांबलो. पुन्हा तो आवाज आला, आणि पुन्हा मी तो शेवटपर्यंत ऐकला. असे किती वेळा झाले सांगता येत नाही. प्रत्येक थांब्यात फ्रोइलान येत होता. आनंदाने, दमलेला, घरी पोहोचल्यासारखा. आणि प्रत्येक थांब्यात मला त्याला येऊ द्यावे लागत होते. मध्येच ब्लासा कानाशी म्हणाली, "घाई नको. सावकाश. ती म्हातारी झालीये, हळू चालते." मला वाटते, त्या दुपारी मी जन्मात पहिल्यांदा प्रार्थना केली.

मग एका थांब्यात दुसरा काहीच आवाज आला नाही. म्हातारीने माझे तीन ठोके परत दिले आणि ती गप्प झाली. सलग वाजणारी घंटा नव्हती. हाक नव्हती. त्या शांततेत खाली चौकातल्या फरसबंदीवर पावले वाजली.

तू करडी शाल पांघरली होतीस. तुझी चाल आईसारखी झाली आहे. मी वरून पाहिले. तू वर पाहिले नाहीस. ब्लासा धडपडत खाली गेली आणि मी पायरीवर बसून राहिलो. तुमचे बोलणे मनोऱ्यातून ऐकू येते, हे तुम्ही दोघी विसरलात. किंवा विसरला नव्हता.

"कशी आलीस गं?" ब्लासाने विचारले. ती रडत होती आणि रागावलीही होती. "काय म्हणून एकटी गेलीस? अक्कल बार्सेलोनात गहाण टाकलीस काय?"

"काठावर होते तेव्हा धुकं आलं," तू म्हणालीस. "दोन घंटा वाजत होत्या. एक अगदी जवळ, सारखी वाजत होती, थांबतच नव्हती. दुसरी लांब. तीन वाजायचे आणि थांबायची." मग तू म्हणालीस, "जी थांबत होती, तिथे कुणीतरी वाट बघतंय, एवढं कळलं. म्हणून तिकडे आले."

"आणि दुसरं काही ऐकलंस?"

"ऐकलं."

यापुढे तू ब्लासाला काय सांगितलेस ते ऐकू आले नाही. तू आवाज खाली आणलास. ते तुझे आणि फ्रोइलानचे आहे. मला ते नको.

काल दिवसभर तू माझ्या दारावरून दोनदा गेलीस, मान न वळवता. संध्याकाळी ब्लासा आली, उंबऱ्यावर उभी राहिली. "निरोप आहे," ती म्हणाली. "शब्दाला शब्द सांगते, मला दोष देऊ नका. ती म्हणते, दोर लावून माणसं उतरतील तोपर्यंत मी इथंच राहणार आहे. त्याला वर आणल्यावर बाबांच्या शेजारी ठेवायचंय, आणि मिस्सा मोठ्याने करायची, मनातल्या मनात नाही."

मी मान हलवली. 

"आणि म्हणते, म्हाताऱ्याला सांग, 'नमो मारिया' अजून गिळतो. शेवटचं अर्धं वाक्य खाल्लं दर वेळेला. थांबा कमी पडत होता. पुढच्या धुक्यात मी खाली उभी राहून मोजणार आहे."

ब्लासा हे सांगून गेली. मग दिवा जवळ ओढला आणि सातव्या पाटीचा मजकूर लिहिला. एल्विराला दाखवला. तिने दोनदा वाचला आणि तिची शीळ थांबली. म्हणाली, "मोसेन, सरकार हे छापणार नाही." मग म्हणाली, "छापेल. मी बघते." तुझ्या संमतीवाचून तो लागणार नाही. खोडायचे असेल ते खोड; माझे नाव मात्र खोडू नकोस.

'सातवा थांबा: तोर्का.

इथे भूमी आतून पाण्याने पोखरली गेली आणि एक दिवस खचली. समोरच्या कड्याला गावचे लोक म्हातारी म्हणतात. धुक्यात गावची घंटा वाजते तेव्हा हा कडा ती परत देतो, मूळ घंटेपेक्षा मोठ्याने. पहिला आवाज ऐका आणि थांबा. दुसरा ऐका, आणि त्याच्याकडे पाठ करून चाला.

इथे ११ नोव्हेंबर १९५८ रोजी फ्रोइलान, ओरोसियाचा पती, मेंढपाळ, आपल्या घराकडे चालत असताना पडला. तो कुणाला सोडून गेला नव्हता. घंटा वाजवणारा सेलेदोनियो, या गावचा धर्मगुरू, थांबला नाही.

वाचणाऱ्या, तू कुठूनही आला असशील आणि कुठेही जात असशील, तुझी वाट तुला घरी नेवो. तू धुक्यात सापडशील तेव्हा कुणीतरी तुझ्यासाठी थांबो. आणि तुझ्या हाती दोर असेल तेव्हा तुला थांबण्याचे बळ मिळो. ही ओळ वाचणाऱ्या सर्वांवर परमेश्वराची दया असो.'